ऑफिसची डिटेल लायब्ररी: काय ठेवावं, काय ठेवू नये

आर्किटेक्टच्या बहुतेक ऑफिसांत सर्व्हरवर ‘स्टँडर्ड डिटेल्स’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात शेकड्यांनी फायली असतात. काही कोणा जुन्या सहकाऱ्याने नोकरी बदलताना सोबत आणलेल्या, काही उत्पादकांनी वाटलेल्या, बऱ्याचशा इंटरनेटवरून उतरवलेल्या. तरीही ज्युनिअरला पॅरापेटचं डिटेल हवं असतं तेव्हा तो त्या फोल्डरकडे फिरकत नाही. तो मागच्या प्रोजेक्टची फाइल उघडतो आणि तिथलं डिटेल कॉपी करतो. याला आळस म्हणून चालणार नाही, कारण त्याचा हिशेब बरोबर असतो. मागच्या प्रोजेक्टचं डिटेल निदान एकदा कोणीतरी तपासलंय, त्यावर सही झालीय, ते साइटवर गेलंय आणि तसं बांधलंही गेलंय. फोल्डरमधल्या फायलीबद्दल यातलं काहीच ठाऊक नसतं. ती कोणी काढली, केव्हा काढली, कोणत्या भिंतीसाठी काढली, हे फाइल उघडूनही कळत नाही. लायब्ररी वापरली जाईल की नाही, ते तिच्यात किती चित्रं आहेत यावर ठरत नाही. पुन्हा न तपासता डिटेल उचलता येईल, एवढा भरवसा तिच्यावर आहे का, यावर ठरतं. आणि हा भरवसा रेषांमधून येत नाही, रेषांच्या शेजारी लिहिलेल्या काही गोष्टींतून येतो. लायब्ररी उभारण्याचं खरं काम तिथे आहे. सॉफ्टवेअरचा भाग महत्त्वाचा असला तरी त्याच्या नंतरचा.

मग मागच्या प्रोजेक्टमधून उचलण्यात वाईट काय? खिडकीच्या सिलचं साधं डिटेल घ्या. मूळ डिटेल २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंतीसाठी काढलेलं आहे. नव्या इमारतीत बाहेरची भिंत १५० च्या एएसी ब्लॉकची आहे. ज्युनिअर स्ट्रेच कमांडने भिंत बारीक करतो, हॅच बदलतो, ‘ब्रिकवर्क’च्या जागी ‘एएसी ब्लॉक’ लिहितो आणि डिटेल तयार होतं. दिसायला ते बिनचूक असतं. पण विटांच्या भिंतीत चौकट जशी धरून ठेवता येते तशी हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये येत नाही, तिथे फास्टनर वेगळा आणि लांब लागतो. ब्लॉक आणि आरसीसी यांच्या जोडावर प्लास्टरखाली जाळी लावावी लागते, नाहीतर त्याच रेषेत तडा जातो. जुन्या डिटेलमध्ये तिचा उल्लेखही नव्हता. शिवाय भिंत ८० मिलिमीटरने कमी झाली की ग्रॅनाइटच्या सिलला उतार द्यायला, ट्रॅकखाली पायरी ठेवायला आणि आतल्या बाजूला पडद्यासाठी कड सोडायला जागा कुठे उरते, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. स्ट्रेच केल्याने तो सुटत नाही, झाकला जातो. मागच्या प्रोजेक्टचं डिटेल त्या प्रोजेक्टपुरतं बरोबर होतं. कोणत्या अटींवर बरोबर होतं, हे त्यावर लिहिलेलं नसल्यामुळे घोटाळा होतो.

म्हणून लायब्ररीत डिटेल घेताना पहिलं काम म्हणजे त्यातला पक्का भाग आणि बदलता भाग वेगळा करणं. सिलच्याच बाबतीत पाहा. सिलला बाहेरच्या बाजूला उतार असणं, ती बाहेरच्या प्लास्टरच्या पुढे येणं, पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडी आत ड्रिपची खाच असणं, चौकट सिलच्या उंच भागावर बसणं आणि दगड-ॲल्युमिनियमच्या सांध्यात बाहेरून सीलंट असणं, हे ऑफिसने घेतलेले निर्णय आहेत. ते प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तसेच राहावेत यासाठीच लायब्ररी. भिंतीची जाडी, ग्रॅनाइट १८ चा की २० चा, आतून जिप्सम की सिमेंट प्लास्टर, ट्रॅक दोनाचा की तिनाचा, हा बदलता भाग. पक्क्या भागाला मापं द्या. बदलत्या भागाला माप देऊ नका. तिथे ‘प्रोजेक्टप्रमाणे’ एवढंच लिहा आणि जाडीची मर्यादा सांगा, म्हणजे भिंत अमुक मापापेक्षा बारीक असेल तर हे डिटेल वापरू नये, असं. ही मर्यादा लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण वर सांगितलेला स्ट्रेचचा घोटाळा नेमका तिथे अडतो.

दुसरी ओळ लिहायची ती कारणाची. खाच का आहे, टेरेसच्या कोपऱ्यात गोलसर वाटा का आहे, कोबा पॅरापेटवर एवढा वर का चढवला आहे. ज्याने डिटेल काढलं त्याला ही ओळ फालतू वाटते, कारण त्याला ते माहीत असतं. पाच वर्षांनी कंत्राटदार फोनवर म्हणतो, ‘साहेब, ही खाच काढून टाकू का, दगड चिरतोय,’ तेव्हा फोन घेणारा बहुधा दुसराच असतो. कारण समोर असेल तर तो सांगू शकतो की खाच राहील, हवं तर दगड जाड घ्या. कारण समोर नसेल तर तो ‘बरं’ म्हणतो आणि पुढच्या पावसाळ्यात सिलखालून भिंतीवर ओघळ उतरतो. तिसरी ओळ हवामानाची आणि जागेची. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. सोलापुरात पाऊस त्याच्या साधारण पाव, आणि टेरेसचा खरा शत्रू ऊन. जांभ्याच्या भिंतीची प्लिंथ आणि विदर्भातल्या काळ्या मातीवरची प्लिंथ यांचं डिटेल एक असू शकत नाही, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. पुण्यातल्या ऑफिसने ‘स्टँडर्ड’ म्हणून ठेवलेलं डिटेल पुण्यासाठी स्टँडर्ड असतं. दापोलीच्या कामात ते उचलताना कोणीतरी अडवायला हवं, आणि ते अडवण्याचं काम डिटेलवरच लिहिलेली ओळ करू शकते.

परदेशी डिटेलांचं फोल्डर मी सरळ वगळायला सांगेन. रॅमझी आणि स्लीपर यांचं ‘आर्किटेक्चरल ग्राफिक स्टँडर्ड्स’ १९३२ पासून आणि नॉयफर्टचं पुस्तक १९३६ पासून आर्किटेक्टांच्या टेबलावर आहे, आणि अभ्यासासाठी दोन्ही अजोड आहेत. पण अमेरिकी संग्रहातलं भिंतीचं डिटेल लाकडी सांगाडा, इन्सुलेशन आणि हिवाळ्यातली वाफ गृहीत धरतं. आपला गवंडी विटा, ब्लॉक, कोबा आणि वाळूचं प्लास्टर यांत काम करतो. तसलं डिटेल ड्रॉइंगवर छान दिसतं, साइटवर मात्र मुकादम त्याला जमेल तसंच करतो. उत्पादकांच्या डिटेलांबद्दलही सावधच राहावं. ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा नेमका छेद त्यांच्याकडूनच घ्यावा, तो स्वतः काढण्यात अर्थ नाही. पण ते डिटेल त्यांचा माल संपतो तिथे संपतं. गळती सुरू होते ती त्यांचा माल आणि दुसऱ्याचा माल जिथे भेटतो तिथे, आणि त्या सांध्याची जबाबदारी घ्यायला दोघांपैकी कोणीच तयार नसतं.

वर्गवारीही याच विचाराने करावी लागते. सीपीडब्ल्यूडीच्या दरसूचीप्रमाणे फोल्डर लावावेत, म्हणजे आरसीसी ५, फ्लोअरिंग ११, वॉटरप्रूफिंग २२, असा मोह होतो. बिलासाठी आणि बीओक्यूसाठी ती रचना उत्तम आहे. डिटेलसाठी मात्र ती उपयोगाची नाही. टेरेस आणि पॅरापेटचा जोड घ्या. त्यात आरसीसीचा स्लॅब आहे, ब्लॉकची भिंत आहे, वीटतुकड्यांचा कोबा आहे, कोपऱ्यातला गोलसर वाटा आहे, वरचं कोपिंग आहे, प्लास्टर आहे. मग हे डिटेल कोणत्या फोल्डरमध्ये शोधायचं? डिटेलचा जन्मच दोन कामांच्या सांध्यावर होतो, त्यामुळे त्याला एका कामाच्या नावाखाली कोंबता येत नाही. त्याऐवजी इमारतीतल्या जागेप्रमाणे लावा: जमीन आणि भिंत, भिंत आणि दार-खिडकी, स्लॅब आणि ओली जागा, टेरेस आणि कड, जिना आणि रेलिंग. शोधणाऱ्याच्या डोक्यात जागाच असते. दरसूचीचा क्रमांक वाया जाऊ देऊ नका, तो नोटमध्ये टाका.

आता सॉफ्टवेअरकडे. एक खोड ऑटोकॅड आणि रेव्हिट दोन्हींत आहे आणि ती न ओळखल्यामुळे चांगल्या लायब्ऱ्या बदनाम होतात. ऑटोकॅडमध्ये तुम्ही सुधारलेला ब्लॉक लायब्ररीतून कॉपी करून प्रोजेक्टच्या ड्रॉइंगमध्ये आणलात आणि तिथे त्याच नावाचा जुना ब्लॉक आधीच असेल, तर पडद्यावर जुनाच उमटतो. खाली कमांड लाइनवर डुप्लिकेट व्याख्या दुर्लक्षित केल्याची एक ओळ येऊन जाते, ती कोणी वाचत नाही. रेव्हिटमध्ये दुसऱ्या फाइलमधून ड्राफ्टिंग व्ह्यू आणला की त्याच नावाचे टाइप प्रोजेक्टमध्ये असल्याचा संदेश येतो आणि प्रोजेक्टमधले टाइप वापरले जातील असं तो सांगतो. सगळे ‘ओके’ दाबतात. म्हणजे दोन्हीकडे पाहुणा हरतो आणि यजमान जिंकतो. उपाय साधा आहे: आवृत्ती नावातच घाला. ‘टेरेस-०३’ असा ब्लॉक ठेवू नका, ‘टेरेस-०३-आर२’ असा ठेवा. डिटेल बदललं की नाव बदलतं, आणि नाव बदललं की जुनं आणि नवं एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. रेव्हिटमध्ये याच्या जोडीने ऑफिसचं टेम्प्लेट आणि लायब्ररीची फाइल यांत टेक्स्ट, रेषा आणि फिल्ड रीजन यांची नावं अक्षरशः एकच असू द्या. ‘काँक्रीट’ नावाचा रीजन लायब्ररीत ठिपक्यांचा आणि टेम्प्लेटमध्ये भरीव असेल तर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळंच चित्र छापलं जाईल.

बाकी शिस्त बहुतेकांना माहीत असते आणि बहुतेक जण पाळत नाहीत. ऑटोकॅडच्या ब्लॉकमधल्या वस्तू लेअर शून्यावर आणि रंग ‘बायलेअर’ ठेवा, म्हणजे ब्लॉक ज्या लेअरवर बसेल त्याचा रंग घेईल. साठवण्याआधी पर्ज करा. जुनी डीडब्ल्यूजी रेव्हिटमध्ये इम्पोर्ट करून एक्स्प्लोड करू नका. प्रत्येक वेळी नको असलेल्या रेषांचे प्रकार प्रोजेक्टमध्ये घुसतात आणि मग कायमचे राहतात. जुनं डिटेल रेव्हिटमध्ये हवं असेल तर ते खाली ठेवून वरून नव्याने काढा. अर्धा तास जास्त जाईल, पण त्या अर्ध्या तासात कोणीतरी ते डिटेल नीट वाचेल, हा फायदा वेगळा. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह झाली की जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ऑफिसात किंवा सल्लागारांकडे जी सर्वांत जुनी आवृत्ती चालू आहे, लायब्ररी तिच्यातच ठेवावी लागते. डायनॅमिक ब्लॉकांचा नाद मात्र मर्यादेत असू द्या. भिंतीची जाडी १००, १५०, २०० अशी यादीतून निवडता येणं उपयोगी आहे. पण एकाच ब्लॉकमध्ये सात पर्याय भरले की तो फक्त बनवणाऱ्यालाच दुरुस्त करता येतो, आणि तो नोकरी सोडून गेला की ब्लॉक मेला. दोन साधे वेगळे ब्लॉक परवडतात.

डिटेल प्रोजेक्टमध्ये कॉपी करून आणावं की लायब्ररीशी लिंक करून ठेवावं, यावर मतभेद आहेत. लिंकच्या बाजूचं म्हणणं आकर्षक आहे: एक्सरेफ केलं की लायब्ररीत एकदा केलेली सुधारणा सगळीकडे पोचते. पण नेमकं हेच नको आहे. साइटवर गेलेलं ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ ड्रॉइंग दिलं त्या तारखेला जसं होतं तसंच राहिलं पाहिजे. लायब्ररीत मार्चमध्ये केलेल्या बदलामुळे जानेवारीत दिलेल्या ड्रॉइंगची पुढची प्रिंट गुपचूप वेगळी निघाली तर साइटवर दोन कागद आणि दोन मतं होतात. रेराच्या कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातली त्रुटी दिसली तर ती दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर असते. अशी तक्रार आली की विकासक आधी ड्रॉइंगं काढतो आणि कोणत्या आवृत्तीवर काम झालं हे विचारतो. म्हणून वाहतूक एकाच दिशेची असावी. लायब्ररीतून प्रोजेक्टमध्ये कॉपी, कॉपीबरोबर आवृत्तीचा क्रमांक, आणि पुढे ती त्या प्रोजेक्टची. नवी आवृत्ती आली की चालू प्रोजेक्टमध्ये ती घ्यायची की नाही हे प्रोजेक्ट बघणाऱ्याने ठरवावं आणि रिव्हिजन म्हणून नोंदवावं.

नोटांचा मजकूर रेषांपासून सुटा ठेवला तर बराच त्रास वाचतो. रेव्हिटमधले कीनोट एका साध्या टेक्स्ट फाइलमधून येतात. फाइलमध्ये वाक्य सुधारलं आणि ती रीलोड केली की त्या प्रोजेक्टमधल्या सगळ्या शीटवर ते सुधारतं. ती फाइलही प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी ठेवावी, नाहीतर लिंकचा दोष मागच्या दाराने आत येतो. याचा आणखी एक उपयोग आपल्याकडे फारसा कोणी करत नाही. त्याच क्रमांकांची दुसरी फाइल मराठीत लिहून ठेवली तर तेच डिटेल मराठी नोटांसह छापता येतं, आणि ‘प्रोव्हाइड थ्रोटिंग’ या ओळीकडे बघून मान डोलावणारा मुकादम ‘खालून खाच मारावी’ ही ओळ खरोखर वाचतो. फाइल युनिकोडमध्ये सेव्ह करावी लागते आणि जोडाक्षरं नीट उमटतात का ते एकदा छापून बघावं. नोटमध्ये ब्रँडचं नाव घालू नका. गुणधर्म लिहा, ब्रँड बीओक्यूमध्ये राहू दे. स्लॅबच्या आत सळ्यांची संख्या आणि व्यास लिहू नका. आर्किटेक्टच्या डिटेलमध्ये सळी दाखवलीच तर ती खुणेपुरती. ‘स्ट्रक्चरल ड्रॉइंगप्रमाणे’ ही ओळ तिथे पळवाट नाही. भूकंपासाठीच्या आरसीसी डिटेलिंगचं १९९३ चं मानक, आयएस १३९२०, २०१६ मध्ये बदललं. तुमच्या लायब्ररीतली जुनी सळी ते वाचायला जाणार नाही. रॅम्पसारख्या नियमांशी बांधलेल्या डिटेलवर तो नियम कोणत्या वर्षाचा हे लिहा. सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची होती, मग २०२१ ची आली. उतार १:१२ चाच राहिला तरी बाकीचं पुन्हा वाचावं लागतंच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की प्रत्येक इमारत वेगळी असते आणि तयार डिटेलांनी विचार बोथट होतो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रॅट-ट्रॅप बाँड, विटांची जाळी आणि फिलर स्लॅब वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वापरले, आणि त्यांच्या पद्धती रेखाटनांसह लहान पुस्तिकांत मांडून इतरांनाही दिल्या. त्यांची घरं म्हणून एकसारखी झाली नाहीत. पाणी कुठून आत येतं हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवण्यात कल्पकता नाही, वेळ जातो. तो वेळ दर्शनी भागाच्या ज्या एका सांध्यावर खरंच नवं काही करायचंय तिथे लावावा. आणि असा नवा सांधा लायब्ररीत टाकायची घाई करू नये. तो एकदा बांधला गेला, एक पावसाळा त्याने काढला, मगच.

दुसरा आक्षेप बीआयएम करणाऱ्यांचा: मॉडेल त्रिमितीत आहे, छेद आपोआप निघतो, मग सपाट डिटेलांची गरज काय? मॉडेलमधून १:५० चा छेद छान निघतो. १:५ ला गेलात की सीलंट, ड्रिपची खाच, पॅरापेटच्या चरीत खोवलेली वॉटरप्रूफिंगची कड, यातलं काहीच तिथे नसतं, आणि ते प्रत्येक खिडकीला मॉडेल करत बसलात तर फाइल हलेनाशी होईल. रेव्हिटने ड्राफ्टिंग व्ह्यू आणि डिटेल कंपोनंट दिलेत ते यासाठीच. धोका मात्र ओळखून असावं. ड्राफ्टिंग व्ह्यू मॉडेलशी जोडलेला नसतो. मॉडेलमध्ये भिंत २०० ची झाली तरी तो १५० चीच दाखवत राहील आणि सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. ड्रॉइंग देण्याआधी कॉलआउट आणि डिटेल शेजारी ठेवून माणसानेच बघायचं, याला पर्याय नाही.

दोन-तीन माणसांच्या ऑफिसला हे झेपेल का? पूर्ण संग्रह उभारायचा म्हटलं तर नाही झेपणार, आणि मोठ्या ऑफिसलाही झेपत नाही; सहा महिन्यांची ‘लायब्ररी मोहीम’ बहुधा तिसऱ्या महिन्यात थांबते. पाण्याच्या सांध्यांपासून सुरुवात करा, कारण तक्रारी तिथूनच येतात: टेरेस आणि पॅरापेट, पावसाळी पाण्याचं आउटलेट, खिडकीची सिल आणि छज्जा, संक आणि टॉयलेटचा उंबरा, बाल्कनीचा उंबरा, प्लिंथ. एवढी डझनभर डिटेलं पुरतात. ती नव्याने काढू नका. नुकत्याच पूर्ण झालेल्या कामांतून घ्या, पक्कं आणि बदलतं वेगळं करा, अट आणि कारण लिहा, तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव टाका. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी एकाच माणसाला असू द्या, बाकी सगळ्यांना फक्त वाचण्याची. हा माणूस सर्वांत हुशार सॉफ्टवेअरवाला नसावा. साइटवर जाणारा असावा.

उजळणीची वेळ ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, ओल अजून भिंतीवर दिसत असते, आणि त्या वर्षी कुठून फोन आले ते सगळ्यांना आठवत असतं. प्रत्येक तक्रारीसमोर डिटेलचा क्रमांक लिहा. डिटेलप्रमाणे काम झालं नव्हतं की डिटेलच चुकलं होतं, ते ठरवा. कामच तसं झालं नसेल तर डिटेल बदलू नका. ते साइटवर का पाळलं गेलं नाही ते शोधा, कारण बहुधा ते बांधायला अवघड असतं आणि तोही डिटेलचाच दोष. ज्या डिटेलाला दोन वर्षांत कोणी हात लावला नाही ते बाहेर काढा. बाद झालेलं पुसू मात्र नका. ते वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, त्यावर ‘बाद’ असा ठळक शिक्का घाला आणि का बाद केलं ते एका ओळीत लिहा, नाहीतर तीन वर्षांनी कोणीतरी तेच डिटेल मोठ्या उत्साहाने पुन्हा काढेल.